रास्पबेरी पायवर इन्स्टॉल होत नाहीये? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डवर लेख आला आणि त्यानंतर ठाणे-नवी मुंबईतून जी पत्रं आणि मेल आली त्यातली बहुतेक एकाच दुखण्याची, बोर्ड चालू होतो, स्क्रीन येते, पण हवं ते सॉफ्टवेअर काही केल्या इन्स्टॉल होत नाही. आणि बऱ्याच जणांनी शेवटी विचारलंय की ज्या मेमरी कार्डावर सिस्टिम असते ते कार्ड फॉरमॅट करून सगळं परत टाकू का. थांबा जरा. कार्ड फॉरमॅट केलं की एररही जाते आणि ती का आली हेही कळत नाही, मग आठवड्याभराने तीच परत येते. म्हणून या वेळी मुद्दाम प्रश्नातली एरर जशी आली तशी छापतोय, कारण उत्तर अर्धंअधिक तिथेच असतं.

कमांड इथे देवनागरीत छापल्यात, तुम्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या विंडोत, इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. 'डॅश' म्हटलं की आडवी रेघ. 'सुडो' म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, 'ॲप्ट' हे सिस्टिमचं स्वतःचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन, आणि 'पिप' हे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररी टाकायचं.

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्याला राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाय ४ वर मिनी प्रोजेक्ट आहे, कॅमेऱ्यासमोर गाडी आली की नंबर प्लेट वाचायची. व्हिडिओत बघून पिप इन्स्टॉल मारलं तर 'एरर : एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' येतं आणि काहीच इन्स्टॉल होत नाही. सिनिअर म्हणतो मागे 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' लाव, होतं. लावू का? पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे.

नको लावूस. त्या पर्यायाच्या नावातच लिहिलंय काय होणार ते, आणि ते लगेच होत नाही हाच त्रास आहे, आज चालेल आणि पंधरा दिवसांनी दुसरंच काहीतरी बंद पडेल, तेव्हा तुला आजची कमांड आठवणारही नाही.

झालंय काय ते समजून घे. पायची ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन नावाच्या लिनक्सवर उभी आहे. २०२३ मध्ये डेबियन १२ म्हणजे बुकवर्म आलं, त्यात पायथॉन ३.११ होतं, आणि तेव्हापासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपने थेट काही टाकायला बंदी आली. कारण सिस्टिमची स्वतःची बरीच कामं पायथॉनवर चालतात, त्या लायब्ररी ॲप्ट सांभाळतं, आणि पिप येऊन त्याच लायब्ररीची वेगळी आवृत्ती बसवून जातं, मग दोघांचं जमत नाही. तुझा व्हिडिओ बहुधा २०२३ च्या आधीचा असणार. व्हिडिओ चुकीचा नाही, जुना आहे.

आता आधी ॲप्टमध्ये शोध. ओपनसीव्ही (चित्रं प्रोसेस करायला), नमपाय (आकडेमोडीला) असल्या नेहमीच्या लायब्ररी तिथे तयार मिळतात, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथॉन३ डॅश ओपनसीव्ही' एवढंच. जे तिथे नाही त्याच्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कर, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पायथॉनचं स्वतंत्र घर : 'पायथॉन३ डॅश एम व्हेन्व्ह' आणि पुढे फोल्डरचं नाव. पण तुझ्याकडे कॅमेरा आहे म्हणून एक गोष्ट फार महत्त्वाची. कॅमेऱ्याची पायकॅमेरा२ ही लायब्ररी ॲप्टनेच टाकायची असते, पिपने टाकायला गेलीस की तिच्या खालच्या लिबकॅमेराशी गाठ पडते आणि मग दिवस जातो. त्यामुळे व्हेन्व्ह बनवतानाच 'डॅश डॅश सिस्टिम डॅश साइट डॅश पॅकेजेस' हा पर्याय दे, म्हणजे ॲप्टने टाकलेलं सगळं आतून दिसतं आणि पिपने टाकलेलं बाहेर सांडत नाही.

अजून दोन जागा आहेत जिथे मुलं हमखास अडकतात आणि दोन्ही सबमिशनच्या दिवशीच कळतात. व्हेन्व्ह ॲक्टिव्हेट करून पुढे 'सुडो पायथॉन३' लिहिलंस तर चालतो तो सिस्टिमचा पायथॉन, तुझा नाही, आणि 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं, मग वाटतं इन्स्टॉलच झालं नव्हतं. आणि बोर्ड चालू झाला की प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा म्हणून क्रॉनमध्ये (आपोआप चालवायच्या कामांच्या यादीत) किंवा सर्व्हिस फाइलमध्ये जिथे नाव टाकशील तिथे व्हेन्व्हच्या बिन फोल्डरमधल्या पायथॉनचा पूर्ण पत्ता टाक. ॲक्टिव्हेट करणं तिथे कोणी करत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. घोडबंदर रोडला राहतो, निवृत्त आहे. पाय ३ बरेच महिने कपाटात होता, परवा काढला. अपडेट करायला गेलो तर 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट, इनव्हॅलिड फॉर अनदर' आणि पुढे बरेच दिवस-तास असं येतं. ब्राउझरमध्येही प्रत्येक साइट सर्टिफिकेटची तक्रार करते. बोर्ड खराब झाला का?

काका, बोर्ड ठणठणीत आहे, त्याचं घड्याळ मागे राहिलंय. आणि किती मागे राहिलंय तेही त्याने तुम्हाला सांगितलंय, 'इनव्हॅलिड फॉर अनदर'च्या पुढे जे दिवस आणि तास छापलेत ना तेवढं, निदान.

पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. बंद होताना सिस्टिम तेव्हाची वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुन्हा चालू झाली की तिथूनच मोजायला लागते, मध्ये तुम्ही तो कपाटात ठेवलात हे तिला माहीत नाही. नेट लागलं की ती बाहेरच्या टाइम सर्व्हरला विचारून वेळ दुरुस्त करते. ते झालं नाही, म्हणून सर्व्हरवरची यादी तिला भविष्यातली वाटते आणि भविष्यातल्या यादीवर ती विश्वास ठेवत नाही, जे बरोबरच आहे. सर्टिफिकेटचं तेच, नवीन सर्टिफिकेटची मुदत तिच्या हिशोबाने अजून सुरूच झालेली नाही.

'टाइमडेटसीटीएल' एवढं टाइप करा. त्यात 'सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड'च्या पुढे 'नो' असेल तर वेळ येत नाहीये. काही ऑफिसांच्या, कॉलेजांच्या आणि एखाद्या सोसायटीच्या वायफायवर वेळेचा पोर्ट, १२३ नंबरचा यूडीपी, बंद ठेवलेला असतो, तेव्हा बाकी नेट व्यवस्थित चालतं आणि वेळ मात्र येत नाही. तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून बोर्ड त्याला जोडा, थोडं थांबा, वेळ बरोबर झाली की अपडेट परत चालवा. तसंही जमलं नाही तर 'सुडो डेट डॅश एस' आणि पुढे अवतरण चिन्हात आजची तारीख-वेळ देऊन हाताने लावता येते.

वेळ लावल्यावर कदाचित दुसरी ओळ येईल, 'चेंज्ड इट्स स्वीट व्हॅल्यू फ्रॉम स्टेबल टू ओल्डस्टेबल', आणि हो की नाही असं विचारेल. घाबरू नका, मधल्या काळात डेबियनची नवी आवृत्ती आली आणि तुमची जुनी झाली एवढाच अर्थ, हो म्हणा. पण जर फाइली सापडतच नाहीत, सगळीकडे ४०४, आणि कार्डावर बस्टर म्हणजे २०१९ च्या सुमाराची सिस्टिम असेल तर मात्र त्यावर वेळ घालवू नका, फाइली कॉपी करून घ्या आणि नवीन कार्डावर नवीन सिस्टिम टाका. जुन्यावरून नव्यावर जागच्या जागी उडी मारायचा सल्ला रास्पबेरी पायवालेही देत नाहीत.

लाइट वारंवार जात असेल आणि बोर्ड नेटशिवाय चालवायचा असेल तर डीएस३२३१ चं छोटं घड्याळ मॉड्यूल लावून घ्या. पाय ५ वर घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते, हे खूप जणांना माहीत नसतं.

प्रश्न : महापे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. मशीनवर किती नग निघाले ते दाखवायला पाय ४ लावलाय. सॉफ्टवेअरवाल्याने डेब फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायचं पॅकेज, पाठवली, इन्स्टॉल करताना 'पॅकेज आर्किटेक्चर एएमडी६४ डझ नॉट मॅच सिस्टिम' येतं. त्याने मग दुसरी फाइल दिली, नुसती चालवायची, तर 'एक्झेक फॉरमॅट एरर'. तो म्हणतो आमच्याकडे चालतं.

त्याच्याकडे चालतंय हे खरं आहे, त्याचा कॉम्प्युटर इंटेल किंवा एएमडीचा आहे. पायचा प्रोसेसर एआरएम. दोघांची मशीनची भाषाच वेगळी, त्यामुळे ही फाइल तुमच्या बोर्डवर कुठलीही सेटिंग बदलून चालणार नाही, परवानगी देऊन नाही, सुडो लावून नाही. त्याच्याकडून एआरएमसाठी बनवलेली फाइलच मागवावी लागेल.

मागवताना मात्र नीट सांगा, कारण एआरएममध्येही ३२ बिट आणि ६४ बिट असं आहे आणि इथे एक फसवी जागा आहे. बहुतेक लोक 'यूनेम डॅश एम' करतात, उत्तर 'एआर्च६४' येतं, मग ६४ बिटची फाइल मागवतात आणि तीही बसत नाही. कारण पाय ४ वर ३२ बिटची सिस्टिम टाकली तरी २०२३ पासून खालचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६४ बिटचा असतो, आणि यूनेम कर्नलचं सांगतं. पॅकेज कुठलं बसेल ते सांगते दुसरी कमांड, 'डीपीकेजी डॅश डॅश प्रिंट डॅश आर्किटेक्चर'. तिचं उत्तर 'एआरएमएचएफ' आलं तर ३२ बिट, 'एआरएम६४' आलं तर ६४ बिट. हे उत्तर जसंच्या तसं त्याला मेल करा.

एआरएमएचएफ आलं आणि त्याच्याकडे फक्त एआरएम६४ असेल तर या एका प्रसंगात मी म्हणेन कार्डावर नवीन ६४ बिटची सिस्टिम टाका, पाय ४ ला ती चालते. इंटेलची फाइल एआरएमवर चालवणारे बॉक्स६४ सारखे मार्ग आहेत, घरी खेळून बघायला छान आहेत, पण ज्या आकड्यावर तुमची शिफ्ट मोजली जाते तिथे नको.

प्रश्न : नौपाड्यातून लिहितोय. घरच्या सगळ्या फोनवरच्या जाहिराती अडवायला पाय ४ वर पाय-होल टाकतोय. इन्स्टॉल दर वेळी मध्येच तुटतं, आणि प्रत्येक वेळी वेगळी एरर, एकदा 'हॅश सम मिसमॅच', एकदा 'सेगमेंटेशन फॉल्ट', एकदा बोर्डच रीस्टार्ट झाला. सिस्टिम परत टाकून बघितली, तेच. मोबाइलचा फास्ट चार्जर वापरतोय, ६५ वॅटचा आहे म्हणजे पॉवर कमी नाही. हे सॉफ्टवेअरच खराब आहे का?

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द 'वेगळी' हा आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोष असेल तर ते दर वेळी त्याच जागी पडतं, तीच ओळ, तीच एरर. दर वेळी जागा बदलत असेल तर पाय-होलला सोडा आणि खाली बघा, पॉवर, केबल, कार्ड, याच क्रमाने.

चार्जरवरच्या ६५ वॅटने फसू नका. तो ६५ वॅट देतो ते २० व्होल्टवर, लॅपटॉपला. पायला हवेत ५ व्होल्ट, आणि ५ व्होल्टवर असे चार्जर साधारण ३ ॲम्पियरच देतात. पाय ४ चा स्वतःचा ॲडॅप्टर ५.१ व्होल्ट ३ ॲम्पियरचा आहे, म्हणजे आकडा कागदावर जवळपास जुळतो, पण मधे केबल असते. लांब आणि बारीक तारेची केबल, जी फोन चार्ज करायला चालून जाते, तिच्यात व्होल्टेज पडतं. फोनमध्ये बॅटरी आहे, तो सांभाळून घेतो. पायमध्ये काही नाही. नुसती स्क्रीन बघत बसलात तर तो निवांत असतो, आणि इन्स्टॉल सुरू झालं की चारही कोअर, कार्ड आणि वायफाय एकदम कामाला लागतात, व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातं आणि तेव्हाच गडबड होते. म्हणून हा दोष इन्स्टॉल करतानाच दिसतो.

बोर्डलाच विचारा : 'व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड'. शून्य एक्स शून्य आलं तर पॉवर ठीक. शून्य एक्स ५०००० आलं म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि त्यामुळे स्पीड कमी केला गेला होता. शून्य एक्स ५०००५ आलं म्हणजे आत्ता, तुम्ही वाचताय त्या क्षणीही पडलेलंच आहे. इन्स्टॉल चालू असताना दुसऱ्या विंडोमध्ये ही कमांड चालवून बघा, आधी किंवा नंतर नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं बघता मला तिथे शून्य येईल असं वाटत नाही. पाय ४ चा मूळ ॲडॅप्टर घ्या, त्याची केबल त्यालाच चिकटलेली असते आणि म्हणूनच तो चांगला.

तरीही शून्यच आलं, तर कार्ड. 'डीमेसेज' (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) मध्ये 'एमएमसी०' किंवा 'एक्स्ट४ एफएस एरर' असं लिहिलेल्या ओळी शोधा. कार्डाचं एक फार फसवं लक्षण असतं, ते लिहिलेलं घेतल्यासारखं करतं, एरर देत नाही, आणि रीस्टार्ट केलं की फाइल जुनीच. असं दिसलं तर ते कार्ड संपलं, फॉरमॅटने सुधारत नाही. बाजारात खोटी कार्डंही असतात, वर ६४ जीबी छापलेलं आणि आत जागा फार कमी, ठरावीक हद्दीपुढे लिहिलेलं सगळं वाया. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू ही फुकट साधनं पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतात. नवीन कार्ड आणलं की सिस्टिम टाकायच्या आधी हे करा, वेळ लागतो पण लागू दे, रात्री लावून झोपा.

आणि अर्ध्यात लाइट गेली असेल, पुढच्या वेळी 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' दिसेल. त्याच ओळीत उपाय लिहिलेला असतो, 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए', मग 'सुडो ॲप्ट डॅश डॅश फिक्स डॅश ब्रोकन इन्स्टॉल'. बहुतेक वेळा एवढ्याने गाडी रुळावर येते.

प्रश्न : ताई, मी नेरुळला नववीत आहे. वाढदिवसाला पाय झीरो २ डब्ल्यू मिळाला. ओपनसीव्ही पिपने टाकतोय, 'बिल्डिंग व्हील' असं येऊन तिथेच थांबतं, रात्रभर ठेवलं, सकाळी 'किल्ड' लिहिलं होतं. बाबा म्हणतात बोर्ड छोटा आहे, याच्यावर होणारच नाही.

होईल. बाबांचं एक बरोबर आहे, तुझ्या बोर्डवर मेमरी ५१२ एमबीच आहे, पण अडचण ओपनसीव्ही चालवण्याची नाही, बनवण्याची आहे.

'बिल्डिंग व्हील' म्हणजे पिपला तुझ्या बोर्डसाठी तयार पॅकेज मिळालं नाही, म्हणून त्याने मूळ कोड आणला आणि तो तुझ्या बोर्डवरच कंपाइल करायला बसला. ओपनसीव्हीचा कोड प्रचंड मोठा आहे. दुकानात तयार चकली मिळत असताना भाजणी दळण्यापासून सुरुवात केल्यासारखं आहे ते. कंपाइल करताना मेमरी संपली, आणि मेमरी संपली की लिनक्स सगळ्यात जास्त खाणाऱ्या प्रोग्रॅमला बंद करतं, तेच ते 'किल्ड'. 'डीमेसेज' करून बघ, 'आउट ऑफ मेमरी' लिहिलेलं सापडेल. स्वतः बघ, मला छान वाटेल.

उपाय सोपा आहे. 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथॉन३ डॅश ओपनसीव्ही'. हे तयार पॅकेज आहे, कंपाइल काही होत नाही. अशी एखादी लायब्ररी पिपनेच टाकावी लागली तर ३२ बिटच्या सिस्टिमवर पायव्हील्स नावाची सोय आहे, तिथे पायसाठी आधीच बनवून ठेवलेली पॅकेजेस असतात आणि पायची सिस्टिम तिथे आपोआप बघते. ६४ बिटवर पायव्हील्स नाही, तिथे लायब्ररी बनवणाऱ्यानेच एआरएमचं पॅकेज ठेवलेलं असेल तर मिळतं. आणि खरंच कधी कंपाइल करायची वेळ आली तर 'मेक डॅश जे४' लिहू नकोस, 'जे१' लिही, चार कोअरना एकदम काम दिलं तर मेमरीही चौपट लागते. डेस्कटॉप बंद करून नुसत्या टर्मिनलवर काम केलंस तर अजून थोडी मेमरी मोकळी होते. नंतर कॅमेऱ्याचं चित्र प्रोसेस करताना ते आधी छोटं करून घे, मग झीरो २ वरही समोरचा चेहरा ओळखण्याइतकं काम होतं. काय बनवलंस ते मला नक्की लिही.

प्रश्न : वाशी. 'कुड नॉट गेट लॉक' येतं. ती लॉकची फाइल डिलीट करायला सांगतात सगळे.

करू नका. कुठलातरी दुसरा प्रोग्रॅम त्या वेळी इन्स्टॉल किंवा अपडेट करतोय, बहुतेक वेळा बोर्ड चालू झाल्याबरोबर डेस्कटॉप स्वतःच अपडेट शोधत असतो. एररमध्ये 'हेल्ड बाय प्रोसेस' आणि पुढे नंबर आणि नाव असतं. चहा होईपर्यंत थांबा, परत चालवा. लॉक फाइल उडवली की दोघं एकाच यादीत एकदम लिहितात आणि मग जे बिघडतं ते निस्तरायला खरंच फॉरमॅट करावं लागतं.

प्रश्न : उलवे. जुन्या हिंदी गाण्यांचा घरगुती सर्व्हर करतोय. एका ब्लॉगवरची रेडीमेड स्क्रिप्ट चालवली तर 'होम पाय, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आणि पुढे 'बूट कॉन्फिग' बद्दल काहीतरी. स्क्रिप्ट लाखो लोकांनी वापरलीय म्हणे.

वापरली असेल, पण कधी? २०१२ पासून दहा वर्षं प्रत्येक पायवर 'पाय' नावाचा युजर आणि एकच ठरलेला पासवर्ड असायचा, सुरक्षेच्या दृष्टीने ते वाईटच होतं, म्हणून एप्रिल २०२२ मध्ये तो काढून टाकला आणि आता पहिल्यांदा चालू करतानाच आपण आपलं नाव ठेवतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये मात्र 'होम पाय' हा पत्ता जागोजागी पक्का लिहिलेला असतो. तुमचा युजर वेगळा, फोल्डरच नाही, स्क्रिप्ट पडते. दुसरी गोष्ट, कॉन्फिग डॉट टीएक्सटी आधी बूट फोल्डरमध्ये होती, बुकवर्मपासून ती बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली. आणि आयपी ॲड्रेस पक्का करायला डीएचसीपीसीडी या जुन्या नेटवर्क प्रोग्रॅमची फाइल बदला असं त्यात असेल तर तेही आता लागू नाही, नेटवर्क मॅनेजर आलाय.

स्क्रिप्ट एखाद्या एडिटरमध्ये उघडा, 'होम पाय' शोधा आणि तिथे तुमच्या युजरचा पत्ता टाका. उघडायचंच आहे ते, कारण नेटवरून आणलेली स्क्रिप्ट न वाचता सुडोने चालवणं म्हणजे अनोळखी माणसाला पूर्ण बोर्ड देणं, आणि सुडोने चालवलेली स्क्रिप्ट निम्म्यात पडली तर आधीच्या निम्म्याने काय काय बदललं हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. ब्लॉगवर तारीख बघा. २०२३ च्या आधीची असेल तर मी तरी ती नुसती समजून घ्यायला वाचेन आणि कमांड त्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानावरून घेईन.

प्रश्न : खारघर. पाय ४ वर सिग्नलचे दिवे लावायचा कोड चालत होता, तेच कार्ड पाय ५ मध्ये टाकलं, सिस्टिम अपडेट केली, आता 'कॅनॉट डिटरमिन एसओसी पेरिफेरल बेस ॲड्रेस'. आरपीआय जीपीआयओ परत इन्स्टॉल केलं, तरी तेच.

कितीही वेळा टाकलं तरी तेच येणार. पाय ५ मध्ये जीपीआयओच्या पिना, म्हणजे दिवे-सेन्सर जोडायच्या पिना, मुख्य प्रोसेसरवर नाहीत, आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर आहेत, आणि ती जुनी लायब्ररी प्रोसेसरच्या आत थेट हात घालायची. ती काढा, 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथॉन३ डॅश आरपीआय डॉट जीपीआयओ', आणि 'पायथॉन३ डॅश आरपीआय डॅश एलजीपीआयओ' टाका. दोन्ही एकत्र ठेवू नका, दोघी एकाच नावाने येतात. तुमच्या कोडमधलं बहुतेक काही बदलावं लागणार नाही. नवीन काही लिहिणार असाल तर जीपीआयओ झीरो वापरा.

प्रश्न : ठाणे, वर्तकनगर. सोसायटीच्या लॉबीत जुना टीव्ही आणि पाय लावून नोटीस बोर्ड केलाय. क्रोमियम ब्राउझर इन्स्टॉल झालं, पान उघडतं, इंग्रजी नीट दिसतं पण मराठी नोटिशीच्या जागी चौकोन येतात. सेक्रेटरींनी पाठवलेल्या दुसऱ्या एका नोटिशीत चौकोन नाहीत पण भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. क्रोमियम काढून परत टाकू का?

क्रोमियमला हात लावू नका, ते बरोबर चाललंय. आणि मला हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला, कारण पाण्याची वेळ आणि सभेची नोटीस लॉबीत मराठीत नीट वाचता यायलाच हवी.

तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत. चौकोन म्हणजे मजकूर बरोबर आहे, फक्त देवनागरीचा फॉन्ट सिस्टिममध्ये नाही. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स डॅश देवा' करा, त्यात देवनागरीचे बरेच फॉन्ट एकदम येतात, किंवा नोटो हवा असेल तर 'फॉन्ट्स डॅश नोटो डॅश कोअर'. मग 'एफसी डॅश कॅश' चालवा आणि क्रोमियम पूर्ण बंद करून उघडा, नुसतं रिफ्रेश पुरत नाही.

भलती इंग्रजी अक्षरं म्हणजे ती नोटीस युनिकोडमध्ये नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार, त्यात फाइलच्या आत खरोखर इंग्रजीच अक्षरं आणि चिन्हं असतात आणि तो फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. पायवर कितीही फॉन्ट टाका, ती दुरुस्त होणार नाही. सेक्रेटरींना युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा, मोबाइलवरून टाइप केलेलं सगळं युनिकोडच असतं, व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालेल. जुन्या नोटिशी आहेत तशाच दाखवायच्या असतील तर त्यांच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ करून घ्या, त्यात फॉन्ट बरोबर येतो.

पान तुम्ही स्वतः बनवलं असेल तर अजून एक करा, एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये लँग म्हणून 'एमआर' लिहा. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श चे आकार हिंदीच्या वळणाचे येतात, आणि फॉन्टमध्ये मराठीची सोय असेल तर त्या दोन अक्षरांनी आपल्या शाळेतल्या पाटीवरचं वळण लगेच येतं. पायवरच मराठी टाइप करायचं असेल तर 'आयबस डॅश एम१७एन' इन्स्टॉल करा, लॉगआउट करून परत या आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा.